पहिल्या रांगेतले हसू

ज्याच्यावर हसले जात आहे तोच जर सर्वांत मोठ्याने हसू लागला, तर त्या हसण्याचा अर्थ काय लावायचा? त्याला आपला दोष उमगला असे मानायचे, की तो दोष आता त्याला बोचेनासा झाला असे मानायचे? हा प्रश्न वरवर पाहता नाट्यसमीक्षेचा वाटेल. आम्हांला तो नीतीचा वाटतो. निंदकाला शेजारी बिऱ्हाड द्यावे, ही शिकवण आपल्याकडे जुनी आहे. पण निंदा ऐकण्यासाठी आगाऊ तिकिटे काढून, उंची पोशाख करून, पहिल्या रांगेत जाऊन बसणाऱ्यांविषयी त्या शिकवणीत काही सांगितलेले नाही. एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये नेमके हेच घडत होते. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत (१८३७ ते १९०१) तेथील विनोदी रंगभूमीने अमीर-उमरावांची जितकी टिंगल केली तितकी क्वचितच कोणी केली असेल, आणि त्या टिंगलीला उमरावांइतका उदार आश्रय दुसऱ्या कोणी दिला नसेल.

या रंगभूमीवरील सरदार बहुधा मूर्ख असे. तो एका डोळ्यावर काच चढवी, शब्द चघळत बोले, कर्ज काढून चैन करी आणि शेवटच्या अंकात एखाद्या वारसदार मुलीचा हात धरून मोकळा होई. या मूर्खांचा मुकुटमणी म्हणजे लॉर्ड डंड्रिअरी. टॉम टेलर यांच्या 'अवर अमेरिकन कझिन' या नाटकात ही भूमिका मुळात अगदी किरकोळ होती. १८५८ साली न्यूयॉर्कला ती एडवर्ड सदर्न या नटाच्या वाट्याला आली. त्याने तिला बोबडेपणा दिला, शिंका दिल्या, चालताना मध्येच उडी मारल्यासारखे पाऊल दिले, आणि गालांवरून खाली लोंबणारे लांबलचक कल्ले दिले. पाहता पाहता ती किरकोळ भूमिकाच नाटक होऊन बसली. (१८६५ साली अध्यक्ष लिंकन यांचा खून झाला तो हेच नाटक पाहत असताना, पण तो विषय वेगळा.) १८६१ साली सदर्न ही भूमिका घेऊन लंडनच्या हेमार्केट नाट्यगृहात आला. तेथे तर कमालच झाली. बावळटपणाची खूण म्हणून चिकटवलेले ते कल्ले शहरातले शौकीन लोक खरोखरीच वाढवू लागले आणि ती ठेवण 'डंड्रिअरी' या नावानेच रूढ झाली. व्यंगचित्र काढावे, आणि ज्याचे काढले त्याने ते चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगावे, त्यातलाच हा प्रकार. व्यंगचित्रकाराने यावर संतोष मानावा की डोके आपटून घ्यावे?

थोडे गंभीर नाटककारही होते. टॉमस रॉबर्टसन यांनी १८६७ साली एक नाटक लिहिले आणि त्याला 'कास्ट' हे नाव दिले. पोर्तुगीजांनी आपल्या समाजाचे वर्णन करताना जो 'कास्ता' शब्द वापरला, तोच फिरत फिरत इंग्रजीत गेला, आणि इंग्रज नाटककाराला आपल्या घरातील उच्चनीचतेला नाव देण्यासाठी तो उसना घ्यावासा वाटला. वसई आणि गोव्याकडच्या ज्या घरांनी बाप्तिस्मा घेतला पण लग्न जुळवताना जात उंबऱ्याबाहेर ठेवली नाही, त्या घरांतील वाचकांना हा तपशील नुसता चाटून जाणार नाही अशी आशा आहे. रॉबर्टसन यांच्या नाटकात एका मार्किझबाईंचा मुलगा नाचणाऱ्या गरीब मुलीशी लग्न करतो, पलटणीबरोबर हिंदुस्थानात लढायला जातो, तो मेल्याची बातमी येते, आणि शेवटी तो जिवंत परततो. मानी सासू विरघळते. सर्व काही गोड होते. पण नाटकातील मोठा हशा त्या सासूच्या वाट्याला येत नाही; तो येतो मुलीच्या बापाच्या वाट्याला. हा बाप दारूडा, कामचुकार, आणि कामगारांच्या हक्कांवर सतत भाषणे ठोकणारा. म्हणजे उमरावांच्या कुळाभिमानाला चिमटा काढता काढता नाटककाराने कामगारांच्या हक्काची भाषाच हास्यास्पद करून टाकली. आणि ती मुलगी? ती इतकी गुणी आहे की तिला नाकारणे कोणालाच शक्य होऊ नये. असल्या नाटकांत नियम कधी मोडत नाही. एक अपवाद मंजूर होतो, आणि अपवाद मंजूर केल्याच्या समाधानात नियम अधिकच पक्का होतो.

'कास्ट' ज्या बँक्रॉफ्ट दांपत्याने गाजवले, त्याच दांपत्याने १८८० साली हेमार्केट नाट्यगृह चालवायला घेतले. त्या वेळी जे घडले ते आम्हांला कोणत्याही नाटकापेक्षा बोलके वाटते. पिटातला प्रेक्षक कसा असतो हे मराठी रसिकांना सांगायला नको. लंडनच्या जुन्या नाट्यगृहांतही तळमजल्यावर स्वस्त बाकांचा पिट असे, आणि नटाला पहिली दाद किंवा पहिली शिवी तेथूनच मिळे. बँक्रॉफ्ट यांनी हा पिटच काढून टाकला. त्या जागी महागड्या खुर्च्या मांडल्या आणि पिटातल्या मंडळींना वरच्या मजल्यावर धाडले. ३१ जानेवारी १८८० रोजी पडदा वर जाताच वरून असा आरडाओरडा सुरू झाला की नाटक बराच वेळ पुढे सरकेना. त्या रात्रीच्या नाटकाचे नाव होते 'मनी'. लॉर्ड लिटन यांनी १८४० साली लिहिलेल्या त्या नाटकात, गरीब नातेवाइकाला वारसा मिळताच काल त्याला टाळणारी मंडळी कशी त्याच्याभोवती गोळा होतात, याची थट्टा आहे. पैशाला भुलणाऱ्यांची थट्टा पाहण्यासाठी पैसेवाल्यांना पुढची जागा, आणि ज्यांच्याजवळ पैसा नाही त्यांनी ती माळ्यावरून पाहायची! एवढा उपरोध खुद्द लिटन यांनाही साधला नव्हता.

उपहास चालतो, पण तो कोठवर चालतो याची रेघही आखलेली होती. १८४३ च्या कायद्याने प्रत्येक नवे नाटक लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्यावे लागे, आणि ही पद्धत १९६८ पर्यंत टिकली. हा अधिकारी स्वतः उमराव. त्याने सरदारांच्या मूर्खपणावरील प्रहसने शेकड्यांनी मंजूर केली असतील. परंतु १८७३ साली डब्ल्यू. एस. गिल्बर्ट यांनी एका सहकाऱ्याबरोबर टोपणनावाने लिहिलेल्या 'द हॅपी लँड' या प्रहसनात तीन नट पंतप्रधान ग्लॅडस्टन आणि त्यांचे दोन मंत्री यांच्यासारखी हुबेहूब रंगभूषा करून आले, तेव्हा परवाना तत्काळ काढून घेण्यात आला. रंगभूषा बदलल्यावर खेळ पुन्हा सुरू झाला. वर्गावर हसा, व्यक्तीवर नको, असा हा दंडक. ऐकायला तो सभ्यपणाचा वाटतो. पण सर्वांवर मिळून केलेला आरोप कोणा एकावर येऊन बसत नाही, ही त्यातली सोय नजरेआड करता येणार नाही.

गिल्बर्ट पुढे ही सोय पुरेपूर जाणून वागले. संगीतकार सलिव्हन यांच्यासह केलेल्या 'एच. एम. एस. पिनाफोर' (१८७८) मध्ये त्यांनी असा एक नौदलमंत्री रंगवला की जो कधी समुद्रावर गेलेलाच नाही. त्या काळचे खरे नौदलमंत्री डब्ल्यू. एच. स्मिथ हे पुस्तके आणि वर्तमानपत्रे विकणाऱ्या पेढीचे मालक. लोक त्यांना 'पिनाफोर स्मिथ' म्हणू लागले. नाटकाचे ५७१ प्रयोग झाले. स्मिथ यांचे मंत्रिपद जागचे हलले नाही. १८८० मध्ये सरकार बदलले तेव्हाच ते गेले. 'आयोलँथी' (१८८२) मध्ये तर सबंध उमराव सभा रंगमंचावर वाजतगाजत येते, आणि पऱ्यांची राणी सरदारांना धमकी देते की यापुढे सरदारकी स्पर्धा-परीक्षेने मिळेल. प्रेक्षागृहात याला खसखस पिकली. मुलकी सेवेच्या ज्या स्पर्धा-परीक्षेला बसण्यासाठी त्या काळी हिंदी तरुणांना समुद्र ओलांडून त्याच लंडन शहरात जावे लागत होते, तिची आठवण हसणाऱ्यांपैकी कोणाला झाली असेल की नाही, कोण जाणे. ग्लॅडस्टन हा खेळ पाहून गेले. पुढच्याच वर्षी सलिव्हन यांना राणीच्या हस्ते 'सर' ही पदवी मिळाली. गिल्बर्ट यांना मात्र ती मिळायला १९०७ उजाडले. सूर लावणाऱ्यापेक्षा शब्द लिहिणाऱ्याला राजदरबारी थोडे अधिक ताटकळावे लागते, एवढाच याचा अर्थ.

त्याच १९०७ साली आपल्याकडे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'कीचकवध' रंगभूमीवर आले. ते प्रहसन नव्हे, आणि त्यातला उमराव महाभारतातला. पण त्या कीचकाच्या बोलण्यातून लोकांना लॉर्ड कर्झन ऐकू आले आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. बंदी ज्या कायद्याच्या आधारे आली तो १८७६ चा, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्याच राज्यातला. एकाच साम्राज्याच्या दोन रंगभूमी, दोहोंवर लॉर्ड. एका ठिकाणी त्याच्या टिंगलीला पंतप्रधान हजेरी लावतात, दुसऱ्या ठिकाणी पोलीस. हा फरक केवळ पारतंत्र्याचा आहे असे म्हणून थांबता येईल. आम्हांला त्यात आणखी काही दिसते. लंडनच्या प्रेक्षागृहात पुढच्या रांगेला आपले काही जाणार नाही याची खात्री होती, म्हणून तेथील हसू निर्धास्त होते. आपल्याकडच्या प्रेक्षकाला तो लॉर्ड खरोखरीच जायला हवा होता. सत्ताधाऱ्यांना हा भेद नाट्यसमीक्षकांच्या आधी कळतो.

आता ऑस्कर वाइल्ड. या सबंध परंपरेचा कळस त्यांच्या नाटकांत आहे, आणि आमच्या प्रश्नाचे खरे दुखणेही तेथेच आहे. वाइल्ड डब्लिनचे. गंमत अशी की लंडनच्या उच्चभ्रू वर्गाची थट्टा करण्यासाठी त्या वर्गाला नेहमीच आयर्लंडचा माणूस लागला आहे. गोल्डस्मिथ, शेरिडन, बूसिको, वाइल्ड, शॉ ही सारी मंडळी तिकडचीच. बाहेरून आलेल्याला आतले बारकावे अधिक दिसतात, हे एक कारण. पाहुण्याला थट्टेची मुभा असते, आणि नको झाल्यावर पाहुण्याला दार दाखवता येते, हे दुसरे.

३ जानेवारी १८९५ रोजी हेमार्केटमध्ये, जेथील पिट पंधरा वर्षांपूर्वी उखडला गेला होता, वाइल्ड यांच्या 'अॅन आयडियल हजबंड'चा पहिला प्रयोग झाला. खुद्द युवराज उपस्थित होते. नाटकाचा नायक परराष्ट्र खात्यातील मोठा अधिकारी, सचोटीबद्दल प्रसिद्ध. त्याची सारी श्रीमंती मात्र तरुणपणी सुएझ कालव्यासंबंधीचे सरकारी गुपित एका सटोडियाला विकून मिळवलेली. एक बाई ते पत्र घेऊन येते, चार अंक धाकधूक चालते, पत्र जळते आणि नायक मंत्रिमंडळात जातो. पैसा परत करण्याचा प्रश्न निघत नाही असे नाही. पण तो इतक्या सुंदर वाक्यांतून निघतो की त्याचे उत्तर द्यायचे राहून गेले, हे घरी पोहोचल्यावर लक्षात यावे. पापाची वाच्यता पत्नीजवळ झाली, अश्रूही आले, क्षमा झाली. फक्त पापाचे उत्पन्न होते तेथेच राहिले.

सहा आठवड्यांनी, १४ फेब्रुवारीला, सेंट जेम्स नाट्यगृहात 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' आले. अर्नेस्ट हे माणसाचे नाव आणि त्याच उच्चाराच्या शब्दाचा अर्थ कळकळीचा, सच्चा. सबंध नाटक या श्लेषावर उभे आहे. खेड्यात सभ्य पालक म्हणून राहणारा जॅक लंडनमध्ये चैन करण्यासाठी अर्नेस्ट नावाचा उनाड भाऊ कल्पितो. त्याचा मित्र अल्जरनन नको असलेली निमंत्रणे टाळण्यासाठी बनबरी नावाचा कायमचा आजारी मित्र कल्पितो. दोघांच्या प्रेयसींचा हट्ट असा की नवऱ्याचे नाव अर्नेस्टच हवे. तेव्हा दोन्ही घोडनवरे गावच्या पाद्रीबाबांकडे जातात आणि नाव मिळावे एवढ्यासाठी बाप्तिस्म्याची वेळ ठरवून घेतात. एक साडेपाचची, दुसरा पावणेसहाची. संस्कार राहिला आहे, नाव राहिले आहे, आणि त्यातला अर्थ कसा गळून गेला आहे, हे इतक्या हलक्या हाताने क्वचितच कोणी दाखवले असेल. खुद्द वाइल्ड यांचे शेवटचे दिवस पॅरिसमधील एका हॉटेलात गेले. २९ नोव्हेंबर १९०० रोजी, मृत्यूच्या आदल्या दिवशी, फादर कथबर्ट डन यांनी त्यांना सशर्त बाप्तिस्मा देऊन कॅथॉलिक धर्मसभेत घेतले. त्या वेळी त्यांना बोलताही येत नव्हते. असो.

या नाटकातील लेडी ब्रॅकनेलबाई जॅकची मुलाखत घेतात तो प्रवेश पुन्हा पुन्हा वाचण्यासारखा आहे. वही-पेन्सिल काढून त्या उत्पन्न विचारतात. वर्षाला सात-आठ हजार पौंड ऐकून त्यांना बरे वाटते. ते जमिनीतून की गुंतवणुकीतून, असे विचारतात आणि गुंतवणुकीतून हे उत्तर त्यांना पसंत पडते, कारण जमीन आता प्रतिष्ठा देते पण ती राखायला पैसा देत नाही. बेलग्रेव्ह चौकातील घराचा क्रमांक ऐकून मात्र त्या नाक मुरडतात. ती चौकाची बाजू फॅशनमधली नव्हे. आईबापांविषयी विचारता कळते की हा गृहस्थ तान्हेपणी व्हिक्टोरिया स्टेशनच्या सामानघरात एका हातपिशवीत सापडला. येथे मुलाखत संपते. पुढे अल्जरननची नियोजित वधू त्यांना अगदीच सामान्य वाटत असते. तिच्या नावावर एक लाख तीस हजार पौंड आहेत हे कळताच तिचा चेहरा त्यांना एका बाजूने बराच बरा दिसू लागतो. आपण स्वतः लग्न केले तेव्हा आपल्याजवळ कवडी नव्हती, हेही त्या सांगून टाकतात. पहारेकरी आहेत, पण त्याच फाटकावरून कधीकाळी उडी मारून आत आलेल्या!

म्हणजे वाइल्ड यांना पैशाचा विसर पडलेला नाही. कुळाच्या गप्पांखाली हिशेबाची वही आहे, हे त्यांनी स्पष्ट दाखवले. जमिनीच्या उत्पन्नावर जगणारा उमराव त्या काळात खरोखरीच डबघाईला येत होता. अमेरिकेतून येणाऱ्या स्वस्त धान्याने इंग्लंडमधील शेतीचे खंड कोसळले होते. शिक्षणाचा खरोखर परिणाम झाला तर वरच्या वर्गाला धोका पोहोचेल, हे भयदेखील त्याच बाई बोलून दाखवतात. मग पुढच्या खुर्च्यांतील बायका, ज्यांनी आपल्या मुलींसाठी असल्या मुलाखती त्याच आठवड्यात घेतल्या असतील, त्या कशा हसू शकल्या? आमचा समज असा की प्रत्येकीला त्यात आपली शेजारीण दिसली. आणि जिला स्वतःचा चेहरा दिसला तिलाही तो इतका चतुर, इतका तेजस्वी दिसला की त्याची लाज न वाटता ऐटच वाटली. डंड्रिअरीचे कल्ले पुन्हा उगवले, एवढेच.

बर्नार्ड शॉ त्या वेळी नाट्यसमीक्षक होते. हे नाटक पाहून आपण हसलो खरे, पण नुसते हसवणारे आणि मनाला कोठेच न भिडणारे नाटक आपल्याला पुरत नाही, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले. पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'मुळे (१९७५) शॉ मराठी घरांत हसत-गात शिरले. म्हणून त्यांचे पहिले नाटक किती कडवट होते याची आपल्याला सहसा कल्पना नसते. 'विडोअर्स हाउसेस' ९ डिसेंबर १८९२ रोजी लंडनला झाले. हॅरी ट्रेंच हा बड्या घराण्याचा तरुण डॉक्टर आपल्या वाग्दत्त वधूचा बाप झोपडपट्टीच्या भाड्यावर गबर झाला आहे हे कळताच संतापतो, तो पैसा नको म्हणतो. सासरा शांतपणे विचारतो, तुमचे स्वतःचे वर्षाचे सातशे पौंड कोठून येतात? ते येत असतात त्याच खोल्या तारण ठेवून दिलेल्या कर्जाच्या व्याजातून. आणि ती जमीन? ती ट्रेंचच्या सरदार घराण्यातील मावशीबाईंची. तरुण गप्प होतो. पुढे तोही त्याच व्यवहारात भागीदार होतो. या नाटकाचे दोनच प्रयोग झाले.

दोन प्रयोगांवर थांबलेले नाटक श्रेष्ठ आणि गर्दी खेचणारे हीन, असला सोपा न्याय आम्हांला करायचा नाही. शॉ यांचे ते नाटक आज वाचताना ठिकठिकाणी खडबडीत लागते. वाइल्ड यांचे नाटक शंभर वर्षे उलटून गेली तरी ताजे आहे. शिवाय वाइल्ड यांच्या बाजूने एक गोष्ट बोलायलाच हवी. वरच्या मजल्यावर गॅलरी होती. तेथे एक शिलिंग देऊन कारकून, दुकानातले नोकर, शिवणकाम करणाऱ्या मुली बसत. नाटकाच्या आरंभी मालक आलेल्या पाहुण्यांसाठी केलेले काकडीचे सँडविच स्वतःच फस्त करतो आणि त्याचा नोकर लेन बाईसाहेबांपुढे गंभीर चेहऱ्याने खोटे बोलतो, की बाजारात रोख पैसे देऊनही काकडी मिळाली नाही. त्या वाक्यावर खाली आणि वर हशा एकदमच उठत असेल. पण खालच्यांना तो नोकराच्या हजरजबाबीपणावर आला असेल, आणि वरच्यांना रोज बोलाव्या लागणाऱ्या आपल्याच खोट्यावर. एकच वाक्य दोन मजल्यांवर दोन अर्थांनी पोहोचवणारा लेखक केवळ करमणूक करणारा नव्हे.

पण तरीही, हसणे म्हणजे कबुली नव्हे. कबुलीत माणूस 'मी' म्हणतो; विनोदी नाटकात तो 'हे लोक' म्हणून हसतो, आणि फार झाले तर 'आपण सगळे असेच' म्हणून हसतो. हे 'आपण सगळे' भलतेच लबाड सर्वनाम आहे. त्यात कोणाचाच हिशेब निघत नाही. आपला दोष आपणच आधी विनोदाने सांगून टाकला की दुसऱ्याला तो दाखवण्याची सोय उरत नाही; उलट मोकळेपणाबद्दल आपलेच कौतुक होते. ही युक्ती लंडनच्या उमरावांना जितकी साधली तितकीच ती पुढे सुशिक्षित मध्यमवर्गाला साधली. आमच्यासारख्या लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांना ती चांगलीच साधते. तेव्हा माणूस स्वतःवर हसला याला नीतीच्या तराजूत फारसे वजन देऊ नये. हसून झाल्यावर त्याच्या पदरचे काही गेले का, एवढेच पाहावे.

१८९५ च्या वसंत ऋतूत हे पाहण्याची वेळ फार लवकर आली. 'अर्नेस्ट'च्या पहिल्या रात्री क्वीन्सबरीचे मार्क्विस हे उमराव सडक्या भाज्यांचा गुच्छ घेऊन नाट्यगृहावर आले होते. त्यांना आत सोडले नाही. चार दिवसांनी त्यांनी वाइल्ड यांच्या क्लबात आपले कार्ड ठेवले आणि त्यावर त्यांच्या खाजगी आयुष्यासंबंधीचा आरोप लिहिला. मार्क्विसांचा मुलगा वाइल्ड यांचा जिवलग होता. वाइल्ड यांनी अब्रुनुकसानीचा खटला लावला, तो अंगावर उलटला, आणि ५ एप्रिलला त्यांनाच अटक झाली. २५ मे रोजी दोन वर्षांची सक्तमजुरी. ज्या संबंधांसाठी ही शिक्षा झाली ते इंग्लंडच्या कायद्याने १९६७ पासून प्रौढांच्या संमतीने असल्यास गुन्हा राहिलेले नाहीत.

या दोन तारखांच्या मधले दिवस आम्हांला अस्वस्थ करतात. अटक झाली म्हणून नाटके लगेच बंद पडली नाहीत. दोन्ही नाट्यगृहांनी फलकांवरून आणि कार्यक्रमपत्रिकांवरून लेखकाचे नाव काढले आणि प्रयोग चालू ठेवले. 'अर्नेस्ट' ८ मेपर्यंत चालले. म्हणजे जवळजवळ महिनाभर, लेखक कैदेत किंवा आरोपीच्या पिंजऱ्यात असताना, त्याच शहरातील लोक दुहेरी आयुष्य जगणाऱ्या दोन तरुणांच्या थापांवर रोज संध्याकाळी पोट धरून हसत होते, आणि सकाळच्या वर्तमानपत्रात दुहेरी आयुष्य जगणाऱ्या एका माणसाचा निकाल वाचत होते. रंगमंचावरील जॅकला शेवटी नाव मिळते. सैन्याच्या यादीत बापाचे नाव सापडते आणि तो खरोखरीच अर्नेस्ट निघतो. लेखकाचे नाव मात्र फलकावरून उतरले. १८९९ साली नाटक पुस्तकरूपाने निघाले, तेव्हाही मुखपृष्ठावर नाव नव्हते. 'लेडी विंडरमिअर्स फॅन'चा कर्ता, एवढीच ओळख होती. हा सारा विनोद कोणावर होता हे त्या प्रेक्षकांना कळले नाही असे नाही. कळूनही त्यांना हसता आले, ही खरी भीतीची गोष्ट.

सेंट जेम्सचे चालक जॉर्ज अलेक्झांडर हे स्वतःच जॅकची भूमिका करीत. फलकावरचे नाव काढण्याचा निर्णय त्यांचाच. सुटकेनंतर दक्षिण फ्रान्समध्ये एकदा वाइल्ड रस्त्याने चालले असता अलेक्झांडर सायकलवरून समोरून आले, ओशाळवाणे हसले आणि न थांबता निघून गेले. वाइल्ड यांना ते लागले, त्यांनी पत्रात लिहिले आहे. पण वाइल्ड यांचे दिवाळे निघाले तेव्हा याच अलेक्झांडर यांनी त्यांच्या दोन नाटकांचे हक्क लिलावात विकत घेतले होते. कायद्याने पुढे लेखकाला एक पैही देणे लागत नव्हते. तरी १९०० साली ते वाइल्ड यांना भेटले, या नाटकांपोटी स्वखुशीने पैसे देऊ केले आणि ते पोहोचते केले. १९१८ साली अलेक्झांडर वारले, तेव्हा ते हक्क त्यांच्या मृत्युपत्राने वाइल्ड यांच्या मुलाकडे परत गेले होते.